कॉलेजचं एड लेटर आलंय? आधी आकडे नीट लावा, मग अपील करा

मार्च संपत आला की आमच्या न्यू जर्सीच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर पहिले दोन दिवस नुसते फुगे आणि पेढे, अमक्याला इथे मिळालं, तमकीला तिथे मिळालं, आणि तिसऱ्या दिवसापासून एकेकीचे वेगळे मेसेज यायला लागतात, अगं जरा बोलायचं होतं, ते एड लेटर काही झेपत नाहीये. एड लेटर म्हणजे ॲडमिशन दिलेलं अमेरिकन कॉलेज किती आर्थिक मदत देणार ते सांगणारं पत्र, आणि अपील म्हणजे ती मदत वाढवा असा अर्ज. मी काही काउन्सेलर वगैरे नाही. माझ्या दोन मुलांच्या वेळी डोकं फोडलं आणि नंतर पाच-सात घरांची पत्रं किचन टेबलवर पसरून त्यांच्यासोबत वाचली, तेवढंच भांडवल. पण आता दरवर्षी तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

आपला गोंधळ का होतो तर आपण ज्या पद्धतीत शिकलो तिथे फी म्हणजे एक आकडा. कॅप राउंडला कॉलेज लागलं, नोटीस बोर्डावर फी लावलेली, डीडी काढा, भरा. फार तर ईबीसीची सवलत. इथे एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोन मुलांची फी दुप्पट-तिप्पट वेगळी असू शकते आणि जे पत्र येतं ते बिल नसतं, अर्धं बिल आणि अर्धी जाहिरात असते. आम्ही दोघं इंजिनियर, एक्सेलमध्ये आयुष्य गेलं, तरी थोरलीच्या वेळी पहिल्या रात्री सगळ्यात महाग कॉलेजला सगळ्यात स्वस्त समजून शांत झोपलो होतो.

आधी कागद गोळा करा

प्रत्येक कॉलेजच्या पोर्टलवरून ऑफरची पीडीएफ डाउनलोड करून एका फोल्डरमध्ये टाका, स्क्रीनशॉट नको, कारण पोर्टलवरचे आकडे मागाहून बदलतात आणि मग आधी काय होतं ते सांगता येत नाही. सोबत तुमचा फॅफ्सा (सरकारी मदतीचा अर्ज), सीएसएस प्रोफाइल (काही कॉलेजं, बहुतेक खासगी, मागतात तो जास्तीचा अर्ज) भरला असेल तर त्याची कॉपी, आणि ज्या वर्षाचं उत्पन्न धरलंय त्या वर्षाचा टॅक्स रिटर्न. फॅफ्सा दोन वर्षं मागचं उत्पन्न बघतो हे लक्षात ठेवा, म्हणजे २०२६-२७ साठी २०२४ चं. ह्याचा उपयोग पुढे अपीलमध्ये आहे.

फॅफ्सातून एसएआय नावाचा आकडा निघतो, पूर्वी त्याला ईएफसी म्हणायचे, २०२४-२५ पासून नाव आणि फॉर्म्युला दोन्ही बदललं. एसएआय म्हणजे तुम्हाला भरायची रक्कम नव्हे. तो तुमच्या ऐपतीचा नुसता निर्देशांक आहे, उणे १,५०० पर्यंत खाली जाऊ शकतो. एसएआय ३०,००० आला म्हणून कॉलेज ३०,००० मध्येच बसवेल असं कोणी कबूल केलेलं नाही. आणि हो, आधी दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की सरकारी फॉर्म्युल्यात तो भार दोघांत वाटला जायचा, ते आता बंद झालंय, म्हणून ज्यांनी चार वर्षांपूर्वी मोठ्याचं केलंय त्यांचा सल्ला जपून घ्या.

एच-फोरवर (एच-वन ह्या नोकरीच्या व्हिसावाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या मुलांना फेडरल एड, म्हणजे केंद्र सरकारची मदत, मिळत नाही, हे कटू आहे पण आहे. मूल सिटिझन किंवा ग्रीनकार्डवाला असेल आणि आईबाप एच-वनवर असतील तर मात्र फॅफ्सा भरता येतो, आईबापांचं इमिग्रेशन स्टेटस आड येत नाही. आमच्या ओळखीच्या एका घराने हे माहीत नसल्यामुळे पहिल्या वर्षी फॉर्मच भरला नव्हता.

कोणता पैसा फुकटचा आणि कोणता उधारीचा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, इथे घाई नको. हातात दोन रंगाचे हायलायटर घ्या. ग्रँट, स्कॉलरशिप, ट्यूशन वेव्हर (ट्यूशन म्हणजे इथे कॉलेजची शिकवण्याची फी, तिची माफी) हे एका रंगात, हे परत करायचं नसतं. लोन दुसऱ्या रंगात. वर्क-स्टडीला रंगच देऊ नका, कारण तो पैसा बिलातून वजा होतच नाही, मुलाने कॅम्पसवर नोकरी शोधायची, तास भरायचे, मग पगार त्याच्या हातात येतो, नोकरी मिळाली नाही तर तेही नाही.

सोपं वाटतं ना? पण पत्रांत लोनला लोन म्हटलेलं असेलच असं नाही. न्यू अमेरिका आणि यूअस्पायर ह्या संस्थांनी २०१८ मध्ये शेकडो कॉलेजांची पत्रं तपासली तेव्हा अनसबसिडाइज्ड लोन (शिकत असतानाही ज्यावर व्याज चढतं ते) देणाऱ्या ४५५ कॉलेजांत त्या एकाच लोनची १३६ वेगवेगळी नावं सापडली आणि त्यातल्या २४ नावांत लोन हा शब्दच नव्हता. नुसतं 'अनसब' किंवा कुठलं तरी संक्षिप्त रूप. २०२२ मध्ये सरकारच्याच गाओ ह्या ऑडिट खात्याने सांगितलं की अंदाजे ९१ टक्के कॉलेजं पत्रात खरी निव्वळ किंमत, म्हणजे फुकटची मदत वजा जाता उरते ती, देतच नाहीत किंवा कमी दाखवतात. म्हणजे आपल्याला कळलं नाही तर आपण ढ नाही.

आता शीट करा

एक उदाहरण घेऊ, आकडे माझे, नमुन्यासाठी, पण अशीच पत्रं मी पाहिलीत.

कॉलेज 'क', खासगी, वर्षाचा एकूण खर्च ८८,००० डॉलर. पत्रात मेरिट स्कॉलरशिप ३२,०००, गरजेवर आधारित ग्रँट ९,०००, विद्यार्थ्याचं फेडरल लोन ५,५००, वर्क-स्टडी २,८००, आणि खाली पेरेंट प्लस ३८,७००. शेवटची ओळ, शिल्लक रक्कम शून्य! आम्ही ह्याच शून्याला फसलो होतो.

कॉलेज 'ख', आपल्याच स्टेटचं सरकारी, खर्च ३९,०००, स्कॉलरशिप ४,०००, लोन ५,५००, शिल्लक २९,५००.

कॉलेज 'ग', दुसऱ्या स्टेटचं सरकारी, पत्रात फक्त ट्यूशन आणि फी ४२,०००, स्कॉलरशिप २०,०००, शिल्लक २२,०००.

पत्रावर विश्वास ठेवला तर क सगळ्यात स्वस्त, मग ग, मग ख. आता फक्त एवढंच करा, पूर्ण खर्चातून फुकटचा पैसा वजा करा, बाकी काही नाही. क म्हणजे ८८ वजा ४१, राहिले ४७,०००. ख म्हणजे ३५,०००. ग च्या पत्रात राहणं-जेवण धरलेलंच नव्हतं, ते त्यांच्या वेबसाइटवर शोधून १५,०००, पुस्तकं १,२००, विमान आणि वरखर्च ३,८०० असे २०,००० मिळवले की खर्च ६२,००० आणि निव्वळ ४२,०००. क्रम अख्खा उलटा झाला. पेरेंट प्लस म्हणजे कॉलेजने दिलेली मदत नाही हो, ते तुमच्या नावावरचं कर्ज आहे, २०२५-२६ मध्ये ८.९४ टक्के व्याजाने आणि वर चार टक्क्यांच्या पुढे फी कापून.

खर्चाच्या रकान्यात दोन भाग करा, कॉलेजला थेट भरायचे आणि आपले आपण करायचे. दुसऱ्या भागात कॉलेजचा अंदाज न घेता तुमचा टाका. टेक्सासहून थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस, स्प्रिंग ब्रेकला पोर घरी येणार, ती तिकिटं कोण काढणार? दुसरीकडे बिलात स्टुडंट हेल्थ इन्शुरन्स लावलेला असतो, बऱ्याच ठिकाणी काही हजारांचा, तुमच्या कंपनीच्या इन्शुरन्सवर मूल असेल तर वेव्हर फॉर्म भरून तो काढता येतो, पण त्याची डेडलाइन असते आणि ती कोणी फोन करून सांगत नाही.

एका वर्षावर थांबू नका

शीट चार वर्षांची हवी. क चा खर्च दरवर्षी ४ टक्के वाढला आणि ४१,००० तेवढेच राहिले तर चौथ्या वर्षी तुम्ही ४७ नाही तर जवळजवळ ५८,००० भरताय आणि चार वर्षांची बेरीज १,८८,००० ऐवजी सुमारे २,०९,७०० होते. स्कॉलरशिप सहसा वाढत नाही, फी वाढते, सगळा फरक तुमच्या खिशातून. काही ठिकाणी फी बांधलेली असते, इलिनॉयच्या सरकारी युनिव्हर्सिट्यांत कायद्यानेच स्टेटमधल्या मुलांना चार वर्षं, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात २०२२ पासून प्रत्येक बॅचची ट्यूशन सहा वर्षांपर्यंत स्थिर. तसं असेल तर तिथे वाढ फक्त राहण्या-खाण्यावर धरा.

मग हे प्रश्न एड ऑफिसला ईमेलवरच विचारा म्हणजे उत्तर लेखी राहील. स्कॉलरशिप आठ सेमिस्टर आहे का? किती जीपीए (ग्रेडची सरासरी) टिकवावा लागतो? ३.० आणि ३.५ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, विशेषतः इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी, शाळेत कायम ए आणणारी मुलं तिथे सी बघून रडतात. एकदा घसरला तर एक सेमिस्टरची मुभा मिळते का? मेजर बदलला तर? ग्रँट दुसऱ्या वर्षी साधारण तेवढीच राहते का? हा शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारा, कारण काही कॉलेजं पहिल्या वर्षी जास्त देतात आणि मग हात आखडतात. सरकारच्या कॉलेज नॅव्हिगेटर साइटवर पहिल्या वर्षाच्या मुलांची सरासरी ग्रँट आणि सगळ्या अंडरग्रॅडची सरासरी ग्रँट शेजारी शेजारी बघायला मिळते, फार मोठी तफावत असेल तर कान टवकारा.

बाहेरची स्कॉलरशिप मिळालीय, मंडळाची, कंपनीची, रोटरीची, तर ती कॉलेजला कळवावी लागते आणि काही कॉलेजं तेवढी स्वतःची ग्रँट कमी करतात, म्हणजे पोराने निबंध लिहून मिळवलेले पैसे शेवटी कॉलेजलाच. मेरीलँडने २०१७ मध्ये सरकारी कॉलेजांसाठी ह्यावर बंधन आणलं, नंतर न्यू जर्सीनेही कायदा केला. इतरत्र असाल तर आधी विचारा, आणि कमी करणारच असाल तर निदान लोन आणि वर्क-स्टडीतून आधी कमी करा अशी विनंती करा, बरेच जण ऐकतात.

अपीलला जागा आहे का

आता आपला मराठी संकोच. "एवढा पगार असताना मागायचं कसं", "ॲडमिशन काढून घेतील का". नाही काढून घेत. अपील हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे, त्याला फॉर्म आहे, कायद्यात तरतूद आहे, प्रोफेशनल जजमेंट म्हणतात, आणि कॉलेजला असे सगळे अर्ज सरसकट नाकारण्याचं धोरण ठेवता येत नाही. दुसऱ्या टोकाला आपलेच काही लोक तुळशीबागेत उभं असल्यासारखे बोलतात, ते पण नको. समोरच्याला तुम्ही आवडलात म्हणून तो पैसे वाढवत नाही, फाइलमध्ये ठेवायला कागद मिळाला म्हणून वाढवतो.

आधी बघा फॉर्ममध्येच चूक आहे का, कारण मग अपील नाही, दुरुस्ती करायची. आपल्या लोकांच्या ठरलेल्या चुका म्हणजे राहतं घर फॅफ्सात गुंतवणूक म्हणून टाकणं, ४०१के ची, म्हणजे नोकरीतून साठवलेल्या रिटायरमेंट फंडाची, शिल्लक टाकणं (दोन्ही तिथे मोजत नाहीत), किंवा जुन्या कंपनीचं ४०१के नवीन ठिकाणी रोलओव्हर केलं ते उत्पन्नात धरलं जाणं. मुलाच्या नावावरचं साधं खातं आणि आईबापांच्या नावावरचं ह्यातही गल्लत होते, मुलाच्या पैशावर २० टक्के धरतात, आईबापांच्या बचतीवर जास्तीत जास्त ५.६४ टक्के, आणि आईबापांचा ५२९ (शिक्षणासाठीचं बचत खातं) हा आईबापांच्यातच येतो. सीएसएस प्रोफाइलवाल्या कॉलेजांत मात्र घराची इक्विटी (किमतीतून कर्ज वजा जाता उरतो तो आपला हिस्सा) काही मोजतात, काही नाही, म्हणून दोन खासगी कॉलेजांचे आकडे इतके वेगळे येतात.

आणि पुण्यातला फ्लॅट? तो द्यावाच लागतो, तुम्ही राहता ते घर सोडून बाकी प्रॉपर्टी गुंतवणूक धरतात, कुठल्याही देशात असली तरी. एफडीसुद्धा. एफबारमध्ये (परदेशातल्या खात्यांची अमेरिकन सरकारला द्यायची माहिती) दाखवायची आणि इथे लपवायची असलं काही करू नका. पण आजच्या बाजारभावातून त्यावरचं कर्ज वजा करून द्यायचं, दलालाने फोनवर सांगितलेला स्वप्नातला भाव नाही.

खरं कारण कोणतं चालतं? नोकरी गेली किंवा पगार कमी झाला. २०२४ मध्ये एकदाच मोठा आकडा आला, आरएसयू (कंपनीने दिलेले शेअर) व्हेस्ट झाले, म्हणजे हातात आले, नाशिकची जमीन विकून कॅपिटल गेन दाखवला, सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनी देते ती रक्कम) मिळाला, आणि तो पैसा आता नाही. इन्शुरन्सने न दिलेला वैद्यकीय खर्च. घटस्फोट, मृत्यू. लहान भावंडाचा विशेष थेरपीचा खर्च. आणि आपल्याकडचं एक ठळक कारण जे बहुतेक लोक लिहीतच नाहीत, गावी आई-बाबांना पाठवलेले पैसे. इथल्या टॅक्समध्ये भारतात राहणारे आई-वडील डिपेंडंट धरता येत नाहीत, त्यामुळे फॅफ्साला ते दिसतच नाहीत, पण सासऱ्यांचं डायलिसिस चालू आहे आणि दर महिन्याला अमुक रक्कम जातेय हे ट्रान्सफरच्या पावत्या आणि हॉस्पिटलच्या बिलांसकट मांडता येतं. प्रत्येक ऑफिस ते धरेलच असं नाही, पण सांगितलं नाही तर कोणीच धरणार नाही. उलट गाडीचा हप्ता, क्रेडिट कार्ड, मोठं घर घेतलंय म्हणून मॉर्गेज जास्त, ह्याला तिकडे शून्य किंमत.

दुसरा प्रकार मेरिटचा, म्हणजे दुसऱ्या कॉलेजने जास्त दिलं. हे चालतं, पण बरोबरीच्या कॉलेजाची ऑफर हवी, आणि बहुतेक ठिकाणी हे एड ऑफिस नाही तर ॲडमिशन ऑफिसकडे जातं, मुलाने स्वतः लिहायचं. आयव्ही कॉलेजं (हार्वर्ड, येल वगैरे आठ) मेरिट स्कॉलरशिप देतच नाहीत, तिथे "अमक्याने मेरिट दिलं" सांगून उपयोग नाही, गरजेचंच बोला. कॉलेज कुठल्या प्रकारचं आहे हे त्याच्या कॉमन डेटा सेटमध्ये (कॉलेज स्वतः छापतं तो आकडेवारीचा तक्ता) एच ह्या विभागात कळतं, गरजेच्या किती टक्के भागवतात आणि गरज नसलेल्यांनाही किती मेरिट देतात, दोन्ही तिथे छापलेलं असतं. नाव गूगल करा, पीडीएफ मिळते.

पत्र

आधी वेबसाइटवर त्यांचा फॉर्म शोधा, स्पेशल सर्कमस्टन्सेस, रिकन्सिडरेशन अशा नावाने असतो. प्रत्येक कॉलेजला वेगळं अपील, एकाने मान्य केलं म्हणून दुसऱ्याला बंधन नाही. पत्र एक पान, त्याच्या वर नाही. इंग्रजीत अर्थातच, पण मजकूर साधारण असा:

"आमच्या फॅफ्सात २०२४ चं उत्पन्न १,९०,००० आहे. माझ्या पतींची नोकरी नोव्हेंबर २०२५ मध्ये गेली, सेव्हरन्स जानेवारीत संपला. २०२६ चं आमचं अंदाजे उत्पन्न ९८,००० राहील. टर्मिनेशन लेटर, शेवटची पे-स्लिप आणि माझ्या चालू पगाराच्या स्लिप जोडल्या आहेत. तुमच्या ऑफरप्रमाणे आम्हाला वर्षाला ३९,००० लागतात, आम्ही २८,००० पर्यंत उभे करू शकतो. ११,००० च्या फरकाबाबत फेरविचार व्हावा."

बास. तारखा, आकडे, कागद, नेमकी मागणी. "जमेल तेवढं वाढवा" असं लिहिलं तर जमेल तेवढं म्हणजे हजार डॉलर येतात, आणि अवास्तव मागितलं तर अख्खं पत्रच हलकं होतं. तुमचं कॉलेज आमची पहिली पसंती आहे हे खरं असेल तरच लिहा, तीन कॉलेजांना तेच वाक्य पाठवू नका. मुलगी किती हुशार आहे, किती अवॉर्ड मिळाले हे गरजेच्या अपीलमध्ये नको, ते त्यांनी आधीच वाचलंय. आणि रडगाणं तर नकोच, आमच्या एका मित्राने चार पानं लिहिली होती, अमेरिकेत आलो तेव्हा खिशात किती होते इथपासून, मुद्दा तिसऱ्या पानावर आला, आम्ही बसून ते पाऊण पानावर आणलं आणि मग पाठवलं.

पाठवल्यावर तीन-चार कामाच्या दिवसांनी फोन करा, मिळालं का आणि काही कागद कमी आहे का एवढंच विचारायला. एप्रिलमध्ये ती माणसं गळ्यापर्यंत कामात असतात, गोड बोला, बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा.

१ मे ही बहुतेक कॉलेजांची उत्तर द्यायची तारीख. पत्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेलं पाहिजे. २५ तारखेपर्यंत उत्तर नाही तर डिपॉझिटला (जागा पक्की करायला भरतात ती रक्कम) मुदतवाढ लेखी मागा, अपील चालू असताना पुष्कळदा देतात. दोन ठिकाणी डिपॉझिट भरून ठेवायचं हा शहाणपणा करू नका. अर्ली डिसिजनने (लवकर अर्ज, आणि लागलं तर तिथेच येऊ असं वचन) लागलं असेल तर तुलना करायला दुसरी ऑफरच नसते, तिथे फक्त हे आम्हाला परवडत नाही एवढ्याच आधारावर बोलता येतं, आणि खरंच परवडत नसेल तर त्यातून बाहेर पडता येतं.

नाही म्हणाले तर

प्रोफेशनल जजमेंटमध्ये कॉलेजचा शब्द शेवटचा, वर सरकारकडे दाद मागता येत नाही. नवीन कागद असेल तरच परत लिहा. त्यानंतर प्रश्न एवढाच की उरलेला फरक कर्जाने भरायचा का. मुलाच्या नावावरचं फेडरल लोन पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे ७,५००, एकूण मर्यादा ३१,०००, आणि त्यातला सबसिडाइज्ड भाग असेल तर शिकत असताना व्याज सरकार भरतं. एवढं ठीक आहे, असं माझं मत. पेरेंट प्लसला १ जुलै २०२६ पासून नवीन कर्जदारांसाठी एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० ची मर्यादा आलीय, म्हणजे वरच्या 'क' चे ३८,७०० तसेही त्यातून निघाले नसते, उरलेलं प्रायव्हेट लोन को-साइन करून, म्हणजे मुलासोबत आपणही फेडायची सही करून. पन्नाशीत को-साइन करताना आपली रिटायरमेंट त्याच कागदावर लिहितोय हे डोक्यात असू द्या.

न्यू जर्सीत वर्गातल्या पहिल्या १५ टक्क्यांतल्या मुलांना एनजे स्टार्स ह्या स्टेटच्या योजनेतून काउंटी कॉलेजची (आपल्या भागातलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) ट्यूशन माफ होऊ शकते आणि तिथून स्टेटच्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर. मंडळात हे नाव काढलं की लोक विषय बदलतात. माझा धाकटा त्याच वाटेने गेला, मला तरी कुठे कमीपणा वाटला नाही.

आणि हे सगळं दरवर्षी आहे. फॅफ्सा प्रत्येक वर्षी नव्याने भरायचा, नवीन फॉर्म १ ऑक्टोबरपर्यंत येतो, म्हणजे दिवाळीच्या फराळाची गडबड सुरू व्हायच्या आधीच. कॅलेंडरवर आत्ताच टाका, आणि यंदाच्या अपीलचे सगळे कागद त्याच फोल्डरमध्ये राहू द्या, पुढच्या वर्षी परिस्थिती तीच असेल तर तेच पत्र नवीन तारखा घालून परत पाठवायचंय.